चमचा का वाजला नाही

प्रिय संवादबाई,

हे पत्र सौम्य करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. आलेला राग तुझ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचावा, म्हणूनच फोन न करता कागद पुढे ओढला. फोनवर तू "अगं, पण" म्हणत माझी वाक्यं मोडतेस.

आपल्याच बैठकीचा नियम तुला समजावून सांगायची वेळ यावी, याचीच मुळात चीड आहे. तुझ्या डगमगत्या टेबलाभोवती आपण चौघं बसतो: तू, मी, संकलक आणि मास्तर. प्रत्येकाने आपल्या चित्रपटाची गोष्ट एकाच वाक्यात आणायची: माणूस कोण, त्याला काय हवं, आड काय येतं आणि ते नाही मिळालं तर हातचं काय जातं. हे एक वाक्य, म्हणजे लॉगलाइन, वाचणाऱ्याने स्वतःची वकिली करायची नाही आणि ऐकणाऱ्याचं लक्ष ज्या शब्दावर उडेल, तिथे त्याने चमच्याने कप वाजवायचा. "तोंड सभ्यपणे खोटं बोलतं, चमच्याला सभ्यता नसते," हे तुझंच वचन. पहिल्याच वर्षी माझ्या "एक हळवा शिक्षक" या तीन शब्दांवर तू कप असा बडवलास की चहा बशीत सांडला. वर विचारलंस, "हळवा म्हणजे करतो काय बाई? रडतो, की बिलं उशिरा भरतो?" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. पण त्या आठवड्यात त्या हळव्या शिक्षकाचा "स्वतःच्याच मुलीची उत्तरपत्रिका तपासायला आलेला परीक्षक" झाला. माझा पहिला चित्रपट तिथून उभा राहिला. त्याचं श्रेय मी तुला कधी तोंडाने दिलं नाही, कारण तुला ते ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

आता परवाचं. मी वाचलं ते वाक्य आठव: "एक एकाकी माणूस एका जुन्या शहरात जातो आणि तिथे त्याला स्वतःचाच नव्याने शोध लागतो." यात कुणाला काही हवं नाही, काही आड येत नाही, काही बिघडत नाही. असलं वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने आणलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आणि तुम्ही? सगळ्या कथांवर जांभया देणाऱ्या संकलकाने डोळे मिटून "वा" म्हटलं. मास्तरांनी "खोल आहे, खोल आहे" असं दोनदा म्हटलं. तू माझ्या कपात पुन्हा चहा ओतलास. चमचे बशीत पडून होते.

ते वाक्य मी मुद्दाम वाईट लिहिलं होतं, संवादबाई. चांगले दोन तास खपून. त्याआधीच्या बैठकांतही माझ्या वाट्याला नुसती "वा, वा" आली होती, तेव्हाच संशय आला, आणि परवा मी सापळा लावला. निघण्यापूर्वी तेच वाक्य फोनवर धाकटीला ऐकवलं. ती लोकांचे दात काढते, कथा नाही, तरी लगेच म्हणाली, "ताई, शोध नाही लागला तर त्या माणसाचं काय बिघडतं गं? मला तर झोपच येईल." ते सख्ख्या बहिणीला कळलं आणि तुला कळलं नाही, यावर मी विश्वास ठेवू?

कारण मला जिन्यात समजलं. चपला घालता घालता मास्तर हळूच म्हणाले, "ताई, वेळ लागतो. सावराल." कशातून सावरायचं? माझा नवा चित्रपट पहिल्याच आठवड्यात उतरवला हे जगजाहीर आहे. पण त्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मी जे काही केलं, ते फक्त तू पाहिलंस. मास्तर माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत होते. म्हणजे तू सांगितलंस. "तिला जरा जपा" म्हणाली असशील. तुझा आवाजसुद्धा मला ऐकू येतो. मी रडले हे तू पाहिलंस, त्याला माझी हरकत नव्हती. त्या रडण्याची तू सवलत करून वाटलीस, ते मी माफ करणार नाही. आता तुमच्यापैकी कुणी "छान" म्हटलं, तर तो शब्द वाक्याला आहे की माझ्या डोळ्यांतल्या पाण्याला, हे मी कसं ओळखू?

येत्या शुक्रवारी एका निर्मातीने मला बोलावलं आहे. ती एकच वाक्य ऐकते आणि त्यावर हो की नाही सांगते. या पडझडीनंतर दुसरं कुणी बोलावेल असं वाटत नाही. वाक्य तयार आहे. चांगलं आहे की वाईट, ते मला कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कळत नाही, आणि हे मी तुझ्याखेरीज कुणालाही सांगणार नाही. तूही सांगू नकोस. वाक्य असं: "कान बहिरे होत चालल्याचं लपवून वाद्यं सुरात लावणारी एक मानी बाई, मोठ्या मैफलीच्या आदल्या दिवशी, जिच्याशी बोलणं टाकलं त्याच मैत्रिणीच्या कानांवर विसंबून शेवटचं वाद्य लावायला बसते, चुकली, तर भर सभेत उघडी पडणार." पत्र मिळताच फोन कर. "कशी आहेस" विचारू नकोस. कप जवळ ओढ, चमचा हातात घे, मी वाचते. कुठेच वाजवावंसं वाटलं नाही, तर गप्प राहा. तुझं खरं गप्प राहणं मला ओळखता येतं. फार दिवसांत ऐकलेलं नाही.

रागावलेली, तरीही तुझीच,
छिद्रान्वेषी