कापसाच्या डोळ्यांचा पक्षी

१२ सप्टेंबर २००५, केंब्रिज

आले एकदाची! हीथ्रोवरून कोच पकडला तेव्हा सारखं तिकीट चाचपत होते, पण केंब्रिजच्या स्टॉपवर अलकामावशी छत्री घेऊन उभ्या दिसल्या आणि सगळं विसरले. मावशी म्हणजे आईची मेडिकलची मैत्रीण. कित्येक वर्षं इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. त्यांच्या घरातली वरची खोली आता माझी. खिडकीतून सफरचंदाचं झाड दिसतं. जेवायला साबुदाण्याची खिचडी होती. "कूट इथल्या दाण्यांचं आहे गं, चव जरा बेताचीच," असं म्हणत दोनदा वाढली.

दुपारी थॉर्ली हाउसला जाऊन आले. गावाबाहेर, बसच्या शेवटच्या स्टॉपपाशी. अठराव्या शतकाअखेरीस एडमंड थॉर्ली नावाच्या निसर्गतज्ज्ञाने तिथे दक्षिण अमेरिकेतले पक्षी जमवले होते. सगळ्यांचे फोटो काढून कॅटलॉग करायचा, हे माझं काम. पेंढा भरून उभे केलेले पक्षी नाहीत ते. आतलं सगळं काढून कापूस भरलेला, पंख मिटून उताणे झोपवलेले, आणि डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे बोळे. ड्रॉवर ओढला की रांगच्या रांग छताकडे बघत असते. मला ते फार शांत वाटले.

बॉस डॉ. हॅरिएट सायकलवरून येतात. 'कस्तुरी' त्यांना जमत नाही, म्हणून मी 'कॅस'. सोबत शाल्मली आहे, मँचेस्टरची, हॅरिएटची 'शॅल'. आईवडील नागपूरचे डॉक्टर, ही तिथेच जन्मलेली. "हा खुर्ची तुझी," म्हणाली. मी हसले, तीही हसली. आवडली मला.

१९ सप्टेंबर

गंमत म्हणजे थॉर्ली दक्षिण अमेरिकेत, गयानाला, कधी गेलाच नव्हता! गेला तो त्याचा मदतनीस, जोसेफ क्रेन. जंगलात ताप काढत, पक्षी मारून, सोलून, आत आर्सेनिक चोळून तो पिंपं भरभरून पाठवायचा. थॉर्ली इथे शेकोटीपाशी बसून वर्णनं लिहायचा आणि लॅटिन नावं द्यायचा. जमिनीवर किडे टिपणारा एक पक्षी त्याने झाडाच्या शेंड्यावर बसवून रंगवलाय. तिथल्या लोकांनी या पक्ष्यांना शतकानुशतकं हाका मारल्या असतील, पण नियम असा की छापून आधी नाव देईल त्याचंच कायम. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याच्या नावामागे थॉर्लीचं नाव जोडलेलं. क्रेन कुठेच नाही.

आर्सेनिक अजून पिसांत आहे. हातमोजे घालायची सक्ती आहे.

२८ सप्टेंबर

आज मला एक पक्षी सापडला. पिवळ्या गळ्याच्या तपकिरी पक्ष्यांची रांग होती. त्यातला एक खिडकीकडे तिरका धरला तर गळा तांब्यासारखा झळकला. बाकीच्यांचा नाही झळकत. मी शाल्मलीला दाखवला. ती उडालीच, धावत हॅरिएटकडे गेली. हॅरिएटने पुस्तकं काढली, लंडनला फोन केले. हा पक्षी कुणालाच ठाऊक नाही. थॉर्ली याला नाव देण्याआधीच वारला, आणि आता गयानात तो कुणाला दिसतही नाही.

हॅरिएट म्हणाल्या, शॅल, हा तुझा पक्षी, नाव तू दे. शाल्मलीने लगेच सांगितलं की कस्तुरीने आधी पाहिला. "लव्हली, टीमवर्क!" म्हणून हॅरिएट पुढे गेल्या. मी बोलायला हवं होतं. पण ऐनवेळी इंग्रजी तोंडात येईना. मीही हसले.

५ ऑक्टोबर

लंडनला तज्ज्ञांसमोर भाषण शाल्मली देणार. मी तिच्या स्लाइड्स करायच्या. ती मला कॉफी आणून देते, माझ्यासाठी दार धरून उभी राहते. तिचा राग करायला तिने जागाच ठेवलेली नाही, त्याचाच राग येतो. तिचं इंग्रजी पाण्यासारखं वाहतं. हॅरिएट तिच्याशी बोलताना पुढे झुकतात, माझ्याशी बोलताना हळू आणि मोठ्याने बोलतात.

दुपारी ती शेजारच्या खोलीत भाषणाचा सराव करत होती. मी हातमोजा काढला आणि पक्ष्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. ओठांतल्या ओठांत म्हटलं, हिचा आवाज बसू दे.

६ ऑक्टोबर

शाल्मलीचा आवाज बसलाय. पार. भाषण मी देणार आहे.

१३ ऑक्टोबर

भाषण छान झालं! प्रश्न आले, उत्तरं दिली, टाळ्या वाजल्या. परतीच्या ट्रेनमध्ये हॅरिएट पहिल्यांदा 'कस्तुरी' म्हणाल्या, अगदी नीट.

शाल्मली अजून चिठ्ठ्यांवर लिहून बोलते. तिने 'वेल डन' लिहून खाली एक फूल काढलं. तरी हॅरिएट तिच्याच खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. पेपर तीच लिहिणार, आवाज येवो न येवो. मी पुन्हा पक्ष्यापाशी गेले. मुद्दामच गेले, हातमोजा काढून.

त्याच्या डाव्या डोळ्याच्या कापसात काळा ठिपका आलाय. ओल असेल. हातात घेतला तर आधीपेक्षा जड लागला.

२० ऑक्टोबर

शाल्मली हॉस्पिटलात आहे. घास गिळता येत नाही. सगळ्या टेस्ट नॉर्मल.

चहाच्या वेळी हॅरिएटने गावातली जुनी गोष्ट सांगितली, जराशी हसतच. क्रेन परत आला त्या हिवाळ्यात थॉर्लीचाही आवाज गेला, मग अन्न गेलं. मेला तेव्हा तोंडात कापूस ठासलेला होता म्हणे. क्रेनला कुणी काही विचारलं नाही. तो पुढे याच घरात राहिला. खिडकीत एक मेलेला पक्षी कानाशी धरून तासन्‌तास बसायचा.

मी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं.

२४ ऑक्टोबर

लख्ख ऊन होतं. खोलीत मी एकटीच. पक्षी आता ड्रॉवरमधून काढून ठेवलेल्या वेगळ्या पेटीत होता, झाकण बंद.

आतून आवाज आला. बारीक. "कस्तुरी, मला इथे अंधार होतो. हा पेटी उघड ना."

२६ ऑक्टोबर

हॉस्पिटलात गेले. तिने माझा हात घट्ट धरला. तोंड उघडलं, बंद केलं. पक्ष्यासारखं.

परत येऊन पेटीसमोर हात जोडले. म्हटलं, नको मला काही, हिचं हिला दे. खरंच म्हटलं का मी? पेटीतून फक्त श्वास ऐकू आला.

संध्याकाळी हॅरिएटने विचारलं, शॅल तर आजारी, थॉर्ली हाउसच्या ट्रस्टच्या पत्रिकेत टिपण तर जायलाच हवं. नक्की आधी कुणी पाहिला होता? मी म्हटलं, मी.

खोटं नाही ते.

३ नोव्हेंबर

टिपण छापून आलं. पक्ष्याला नाव मिळालं आणि नावामागे मी. जगात पक्षीशास्त्र आहे तोवर. मावशींकडे दिवाळीचे अनारसे उरले होते, ते खाताना मन चाचपून पाहिलं. शाल्मलीबद्दल काही वाकडं उरलंच नव्हतं. गेलं सगळं. चांगली मुलगी आहे ती.

आणि आजच तिचा फोन आला. बोलली! सकाळी उठली तर आवाज होता. पेटीही गप्प आहे. सुटले.

८ नोव्हेंबर

शाल्मली कामावर आली. मला मिठी मारली. मग टिपण वाचायला घेतलं. तिचं नाव कुठेच नाही, शेवटच्या आभारातही नाही. माझ्या लक्षात आलं नव्हतं. की आलं होतं?

"छान," म्हणाली. फार वेळ त्या पानाकडे बघत बसली. मग पेटी उघडली आणि पक्ष्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

हातमोजा न घालता.

९ नोव्हेंबर

घसा खवखवतोय.

१० नोव्हेंबर

आवाज गेला.

मावशींनी टॉर्च लावून आ करायला सांगितलं. चिमट्याने काहीतरी ओढलं. पांढरा धागा. ओढत राहिल्या, संपेना. बोटाला गुंडाळत गेल्या. त्यांचा चेहरा — डॉक्टर असा चेहरा कधी करत नाहीत.

११ नोव्हेंबर

हॅरिएटना लिहून दिलं, माझं नाव काढा, तिचं घाला. त्या माझ्याकडे काळजीने बघत राहिल्या. म्हणाल्या, छापलेलं नाव कसं काढणार? विश्रांती घे.

शाल्मलीला लिहिलं, माफ कर. सगळं लिहिलं, पक्ष्याचंही. तिने वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"कसला माफी?" म्हणाली. गोड हसली. ते हसू मला माहीत आहे. महिनाभर माझ्या तोंडावर होतं.

१४ नोव्हेंबर

पाणीही उतरत नाही — मावशी अँब्युलन्स बोलवते म्हणाल्या. मी आधी इथे, थॉर्ली हाउसला आले. पेटी नेऊन जाळायची — माझ्या आधी शाल्मली आलेली.

दुपारचं ऊन आहे. शाल्मली खिडकीत बसली आहे. पेटी मांडीवर. सोडत नाही. ओढली तर माझ्याच छातीत —

बसले. हात चालतो तोवर लिहिते.

पक्ष्याचे दोन्ही डोळे आता काळे.

पेटीत कुणीतरी बोलतंय. मीच आहे ती. माझा आवाज, पुण्याचा, स्वच्छ. शाल्मलीचं नाव घेतेय. शाल्मलीने पेटीला कान लावलाय, मान डोलावतेय, जसं कुणी गाणं —

मी आत ओरडतेय की उघड. इथे टेबलाशी श्वास फक्त नाकाने. आता नाकातही काहीतरी मऊ, कोरडं, ते वर वर सरक