पुढचा भाग

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिकीटखिडकी उघडी टाकून मी जिना चढत होतो, कारण खेळ नुकताच सुरू झाला होता आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. या चित्रपटात मध्यंतरापर्यंत कुणी रडत नाही.

घोटाळा नावाचा होता. चित्रपटाच्या दोन भागांना मी बाबांसारखीच नावं देतो, पुढचा आणि मागचा. पुढचा म्हणजे आधीचा, पुढच्या खोलीसारखा. प्रोजेक्टरच्या मशिनवरच्या नव्या बाईंनी पुढचा म्हणजे नंतरचा असं धरलं आणि मागचा आधी लावला. चूक कुणाची, ते व्याकरणवाल्यांनी ठरवावं.

वर पोचून मशिन बंद करायला हात पुढे केला, पण खाली कुणी उठलं नव्हतं. मध्यंतरात मी माफी मागितली. कुणाचं लक्षच नव्हतं. औषधांच्या दुकानातल्या बाई एका अनोळखी शिंप्याला सांगत होत्या की मेली ती नायकाची बायको नव्हे, बहीण. शिंपी म्हणाला, बहिणीसाठी एवढं कोण रडतं. मागून कुणीतरी म्हणालं, तुम्हाला बहीण नसेल. मी खरं सांगायला गेलो तर मलाच दटावलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला माहीत आहे. खेळ सुटल्यावरही माणसं दारात बोलत उभी. मला कुलूप लावता येईना.

आपल्या दोघांच्या नावावरचं हे थिएटर गोदामवाल्यांना विकायचे कागद तुला पोचले असतील. माझी सही झाली आहे, मी शब्द फिरवत नाही. तुझी करण्याआधी फक्त एवढं सांग, ती माणसं तिथं काय बघत होती?

लोभ सहीवर अवलंबून नाही, तो राहीलच.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कागद टेबलावर आहेत. तुझ्या प्रश्नाने माझा रविवार खाल्ला. तोच चित्रपट मी घरी टीव्हीवर उलटा लावून पाहिला. मेलेली बाई कोण, ते तुझ्या भावोजींनी लगेच फोनवर शोधलं, मला सांगितलं आणि झोपले. मी मधेच थांबवला, एकदा दुधासाठी, एकदा दारावरच्या माणसासाठी, एकदा उगाच. हुज्जत घालायची तर कुणाशी?

पण गोड बोलून मला गुंडाळू नकोस. चूक एकदाच गंमत असते. दर आठवड्याला नवी कुठून आणशील? रिकाम्या खुर्च्या मीही पाहिल्या आहेत.

शनिवारी येते, कागद घेऊन. खेळ सरळ लाव आणि माणसं गोळा करू नकोस. जसं असतं तसं मला बघायचं आहे.

जेवत जा, आणि माझ्यावर रुसायचं ते समोर आल्यावर रुस.

ताई

१६ मार्च

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

ताई सुखरूप पोचली. दुपारचा खेळ तिने पाहिला. हॉल अर्धासुद्धा भरला नव्हता, आणि एक पंखा करकरत होता.

तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. नायक दार उघडायला गेला की ते हळूच म्हणायचे, नको रे बाबा. ताईने आधी त्यांच्याकडे डोळे वटारले. नंतर पाहतो तर तीही म्हणत होती, नको रे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, हे रोज येतात का. मी म्हटलं, आजच पाहतोय. मग ती म्हणाली, घरी मी असं पडद्याशी कधीच बोलत नाही, इथं का बोलले? याचं उत्तर तुम्ही फोनवर शोधून पाहा.

सहीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

आमच्यावरची माया आणि थट्टा, दोन्ही चालू ठेवा.

आपला,
धाकटा

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आज सकाळचं लिहितो. ताईने गोदामवाल्यांना फोन करून वर्षभर थांबाल का, असं विचारलं. ते नाही म्हणाले. मग विक्री राहू द्या, म्हणून तिने फोन ठेवला, आणि चहा पिऊन गाडीला गेली.