गाली म्हंजे वारा

नल्लकुंटा, हैदराबाद
दि. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मंगला आत्या,

तुझ्या आणि मामांच्या पाया पडते. तुझे गुडघे कसे आहेत? इकडं थंडी गेली, दुपारी पंखा लागतो. मम्मीची शिलाई जोरात चालू आहे, पप्पा बरे आहेत. पत्र बघून घाबरू नको, सगळे ठीक आहेत.

फोन का नाही केला म्हणशील. तू "हॅलो, कोण?" म्हणलीस की मी फोन कानाला लावून नुसती ऐकत बसते. दिवाळीला एक फोन आला होता बघ, तू तीनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. ती मीच होते. म्हणून आता लिहायला बसले. ऱ्हस्व दीर्घ चुकंल, ते तू लाल पेनानं सुधारत बस.

आधी आनंदाचं सांगते. मी पास झाले! हौ, मी!

आमच्या गल्लीच्या मागं एक छोटं नर्सिंग होम आहे. तिथं पेशंटजवळ काम करायचा सहा महिन्याचा कोर्स असतो, नववीवाल्यांना पण घेतात. बीपी बघायचं, कूस बदलायची, श्वास बघायचा, सगळं शिकवतात. आणि श्वासाचं तर लई मजेशीर आहे. श्वास मोजायचा असला तर पेशंटला सांगायचंच नाही. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, फोटोला कसा चेहरा करतात तसा. म्हणून मनगट धरून नाडी मोजल्यासारखं दाखवायचं आणि गुपचूप छाती वरखाली होते ती मोजायची, पूर्ण एक मिनिट. न बोलता नुसतं बघायचं! मला वाटलं हे काम माझ्यासाठीच केलंय.

बोटाला तो चिमटा लावतात ना, त्यात ऑक्सिजनचा आकडा येतो. पण नेलपॉलिश असलं, हात गार असला, की आकडा चुकतो. म्हणून आधी हात चोळून गरम करायचा. आणि नुसत्या आकड्यावर जायचं नाही, ओठ बघायचे, नखं निळी आहेत का बघायचं, बोलताना दम लागतो का बघायचं. दम लागला तर माणसाला आडवं नाही ठेवायचं, पाठीला उशा लावून बसवायचं. स्टेथोस्कोप पण लावायला देतात. निदान आपण नाही करायचं, वेगळं वाटलं तर सिस्टरला सांगायचं. घरी सरावाला मम्मीच्या पाठीला लावला तर मम्मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजबद्दल बोलतच होती. श्वास काही ऐकू नाही आला, ब्लाउज सगळा ऐकू आला.

पण न बोलता सगळं होत नाही. पेशंटला मोठ्यानं सांगावं लागतं, आता श्वास घ्या, आता सोडा. तिथंच माझं अडायचं. पहिल्या प्रॅक्टिकलला माझा आवाजच निघाला नाही, मी नापास झाले. पद्मावती सिस्टर म्हंजे आमच्या मोठ्या सिस्टर, तेलुगू आहेत, डोळे असे मोठे. त्या म्हणल्या, "पेशंटला तुझा आवाज नाही आला तर तू वॉर्डात काय कामाची? गुरुवारी परत घेईन. नाही जमलं तर खाली चादरींच्या खोलीत जा." चादरींच्या खोलीत खिडकी पण नाही, आत्या. दिवसभर घड्या.

गुरुवारी मला पेशंट कोण मिळाला? नऊ नंबरचे हिम्मतराव. सगळ्या पोरी म्हणल्या, गेली प्रियू.

हे हिम्मतराव आजोबा मुखेडकडचे, महिन्याआधीच मुलाकडं राहायला आले. न्यूमोनिया झाला, आता ताप उतरलाय, नाकात ऑक्सिजनची नळी. औषध घेतात, जेवतात, सगळं ऐकतात. फक्त लांब श्वास घ्या म्हणलं की तोंड घट्ट मिटून भिंतीकडं वळतात. तीन दिवस हेच. फाइलवर लिहून ठेवलं, पेशंट सहकार्य करत नाही.

मी गेले. नाडी धरली, श्वास मोजला, चोवीस. बोट चोळून चिमटा लावला, ब्याण्णव. उशा लावून नीट बसवलं. इथपर्यंत बरं. मग सिस्टर मागून म्हणल्या, चेप्पु. म्हंजे सांग. मी इतरांचं ऐकून पाठ केलं होतं तेच म्हणलं, "गाली पील्चंडी... गाली वदलंडी..." आवाज इतका बारीक की मलाच नाही आला.

"गट्टिगा!" सिस्टर ओरडल्या. म्हंजे जोरात.

तेवढ्यात आजोबा भिंतीकडं तोंड करून पुटपुटले. मी अगदी जवळ होते म्हणून ऐकलं. "चांगल्या घरच्या पोरी, आन् सकाळ-संध्याकाळ माझ्यामागं लागल्यात, गाली वद, गाली वद. वद म्हंजे बोल, एवढं कळतंय मला. सत्तर वर्षात सालगड्याला कधी शिवी दिली नाही, आता मरताना देऊ का?"

आत्या, तुला तेलुगू येत नाही म्हणून सांगते. तेलुगूत गाली म्हंजे वारा, हवा. पील्चंडी म्हंजे आत ओढा, वदलंडी म्हंजे सोडा. त्या बिचाऱ्या तीन दिवस म्हणत होत्या हवा सोडा, आणि हे समजले शिव्या बोला!

मला जे हसू फुटलं! वॉर्डात, परीक्षेत, खो खो. सिस्टर "एमैंदी, एमैंदी" करत पुढं आल्या, म्हंजे काय झालं. आणि हसता हसता माझ्या तोंडून निघालं, कसं ते मला नाही माहीत, चौदा नंबरच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं म्हणतात: "अय्यो आजोबा, शिवी नक्को! गाली म्हंजे वारा! वारा आत घ्या, वारा भाईर सोडा!"

आजोबा वळले. माझ्याकडं बघितलं. "तू मराठी हाइस?"

"हौ."

"मंग तीन दिवस कुठं मेली होतीस?"

त्यांची सून शोभाताई डबा घेऊन आल्या होत्या, त्या दाराशीच पदर तोंडाला लावून हसत खाली बसल्या. "मामंजी, मला तर सांगायचं!" म्हणल्या. आजोबा म्हणले, "सुनेला काय सांगू? नर्सा मला शिव्या शिकवाय लागल्या म्हणून?"

मग काय, घेतला त्यांनी श्वास. मी मोठ्यानं सांगत गेले, नाकानं घ्या, थांबा, आता गरम चहावर फुंकर मारता तसं ओठ करून सोडा. पाठीला स्टेथोस्कोप लावला, आधी डावीकडं, मग तितक्याच उंचीला उजवीकडं, असं दोन्ही बाजू जोडीनं ऐकत खाली जायचं असतं. उजवीकडं खाली बारीक चुरचुर आली, केस कानाजवळ चोळल्यावर येते तशी. सिस्टरला सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. मग आजोबांना जोरात खोकला आला, मी पोटाशी उशी धरायला दिली, कफ पडला. थोड्या वेळानं चिमटा बघितला. पंच्याण्णव! सिस्टरनी सगळ्यांसमोर म्हणलं, "बागुंदी." म्हंजे छान. त्यांच्या तोंडून हा शब्द सहा महिन्यात कुणी ऐकला नव्हता.

निघताना आजोबांनी हळूच बोलावलं. "पोरी, खरी शिवी द्यायची असली तर तेलुगूत काय म्हणत्यात?" मी म्हणलं, येते मला, पण सांगणार नाही.

आता बाकीचं.

संध्याकाळी पद्मावती सिस्टरनी चहा देत विचारलं, एवढा आवाज आहे तर इतके दिवस कुठं होता? मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आणि सांगताना वाटलं, हे आधी जिला सांगायचं, तिला सोडून मी दुसऱ्याच बाईला सांगत बसले.

आत्या, उदगीरला तुझ्याकडं शिकायला होते तेव्हा शाळेत परिपाठाला मला बातम्या वाचायच्या होत्या. तूच माझ्या वेण्या घालून दिल्या, आठवतं का? मी माइकपुढं गेले, तो कुंई करून वाजला आणि मी दचकून माइकमध्येच म्हणलं, "अय्यो, नक्को!" माझ्या हैदराबादी बोलण्याला अख्खी शाळा हसली. त्या दिवसापासून माझं नावच पडलं, अय्यो नक्को. पोरंच नाही, एक सर पण तसंच बोलवायचे. मी तोंड उघडलं की सगळे वाट बघायचे. मग मी बोलणंच बंद केलं. दहावीच्या मधेच तुला पोट दुखतं सांगून हैदराबादच्या गाडीत बसले आणि परत आलेच नाही.

इथं पप्पांनी विचारलं तर मी गप्प. त्यांनीच आपल्या मनानं धरलं की तू मला कामाला जुंपलं, भांडी घासायला लावलं. रागात तुला फोनवर काय काय बोलले ते मी दाराआड ऐकत होते. एक "नाही" म्हणायचं होतं मला फक्त. आत्या, तू मला कधी पाण्याचा तांब्या पण उचलू दिला नाही. तरी मी गप्प बसले, आणि दोन वर्ष झाली, तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही. राखी पण नाही. ते माझ्यामुळं. तुझी काहीच चूक नव्हती. मला माफ कर.

पप्पांना शुक्रवारी जेवताना सांगितलं. मोठ्यानं. मम्मीनं मशीन थांबवली. पप्पांचा घास हातातच राहिला. मग तो ताटात परत ठेवून म्हणले, "विकास, तू येडा हाइस." स्वतःलाच. तेव्हापासून फोन हातात घेतात, तुझं नाव काढतात, परत ठेवतात. मी कुणावर गेले ते आता कळलं. ते फोन करतीलच, पण घाई करू नको त्यांना, दम धर. फोन लागला की तू जरा जास्त वेळ हॅलो हॅलो म्हणत राहा.

आणि २३ तारखेला रविवारी आम्हाला बिल्ले देणार आहेत. एकीनं उभं राहून सगळ्यांच्या वतीनं चार वाक्यं बोलायची, माइक नाही. मी माझं नाव दिलंय. तेलुगू, मराठी, आपलं हैदराबादी, जे येईल त्यात बोलणार. तू ये. मामांना पण आण. फक्त पुढं बसू नको आत्या, एकदम शेवटच्या लाइनीत बस. तिथपर्यंत आवाज येतो का, ते मला तुझ्याकडूनच ऐकायचंय.

वाट बघते,
तुझी
प्रियदर्शिनी विकास
(अय्यो नक्को म्हणलीस तरी चालेल. तू म्हण.)