साबुदाण्याऐवजी

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज माझ्या हातानं केलेलं: फ्लॉवर किसून त्याचा भात. मेथीची भाजी, लसूण घालून, डाळीचं पीठ न लावता. चार अंड्यांचं आम्लेट, दोघांत. काकडीची कोशिंबीर, दही घट्ट, साखरेचा कण नाही. रात्रीला पनीर, तव्यावर परतून, नुसतं मीठ-मिरपूड.

नंदाला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. वेल्डिंग मला कुणी शिकवलं? लोणावळ्यात माझ्या हातची किती फाटकं आहेत, एकाचीही कडी अडत नाही. मग जेवण काय!

दसऱ्याला आम्हा नवरा-बायकोचे रिपोर्ट आले. माझी साखर काठावर. नंदाची वाढलेलीच, तिला बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्याकडे बघा. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत थांबलो, तेवढ्यात सगळं वाचून काढलं. भात, भाकरी, चपाती, बटाटा, गूळ, साखर — बंद. पालेभाजी, अंडी, मासे, चिकन, पनीर, दही, शेंगदाणे — चालू. दोघांना एकच माप.

नंदा ताटाकडे बघत बसली. "ह्यो भात न्हाई अन् भाजीबी न्हाई. ह्याला म्हनायचं काय?"

म्हटलं, औषध म्हण.

"औषध घेतीया की मी. दोन येळंला."

जाऊन डॉक्टरांना एकदा विचारून येऊ, असंही म्हणाली. मी म्हटलं, फाटक बसवताना मी कुणाला विचारतो का?

शनिवार, १ नोव्हेंबर

भाकरी सोडल्यापासून माझं डोकं दुखत होतं, ते थांबलं. मीठ घालून लिंबूपाणी घेतलं की उतरतं, वाचलं होतं तसंच. पट्ट्याला नवीन भोक पाडलं, ड्रिलनं, मधोमध.

दोस्त महिपती वर्कशॉपवर आला होता. बिनसाखरेचा चहा बघून म्हणाला, "भाऊ, उद्या पावना आला तर त्याला काय, कोथिंबीर वाढनार?" जाताना मात्र काय काय खायचं ते मोबाइलवर लिहून घेतलं पठ्ठ्यानं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नंदा म्हणते दुपारी हात थरथरतात. म्हटलं, सुरुवातीला होतं तसं. शरीराला सवय लागते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

संकष्टी. सकाळी नंदा साबुदाणा घेऊन बसली होती, तो उचलून ठेवला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट! रताळं तेच, केळंही तेच. त्याऐवजी वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप दिले. चंद्र उगवल्यावर पनीर द्यायचं ठरवलं होतं. गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवली.

पुढचं आज लिहवत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

लिहितो.

काल चारच्या सुमारास ती मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. शेजारच्या शकुबाईंची हाक आली म्हणून धावलो. नंदा भिंतीला टेकून खाली बसलेली. घामानं निथळत होती. मला म्हणाली, "दादा, गाडी आली का?" दादा म्हणजे तिचा भाऊ. मी समोर उभा होतो आणि ती मला ओळखत नव्हती.

शकुबाई साखरेचं पाणी घेऊन आल्या. आणि मी त्यांचा हात धरला. म्हटलं, साखर नको, हिला शुगर आहे!

"हात सोड, भाऊ. बाई गार पडाया लागलीया."

सोडला नाही मी. त्यांनी हिसडा दिला तेव्हा सुटला. अर्धं पाणी माझ्या शर्टावर सांडलं. उरलेलं त्यांनी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं नंदानं नीट बघितलं आणि विचारलं, कापडं काढली का सगळी.

शकुबाई सत्तरीच्या. त्यांच्या अंगात माझ्याहून जोर होता, म्हणून ती वाचली.

लोणावळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, दिवसभरात काय खाल्लं होतं? मी म्हणालो, "संकष्टीचा उपास होता." बस्स. एवढंच. इतके दिवस भाकरीचा तुकडा तिच्या पोटात गेला नाही, हे बोललो नाही. बाई तिलाच रागावल्या — मावशी, साखरेची गोळी घेताना असं खाणं तोडायचं नसतं. खाणं कमी करायचं तर आधी मला विचारायचं, गोळी बदलावी लागते.

नंदा मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माजं."

मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

नंदानं संकष्टी सोडली. आमच्या लेकीच्या, तेजलच्या जन्मापासून धरलेली. सकाळी देवापुढं बसून गणपतीची माफी मागत होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तिच्या ताटात ज्वारीची भाकरी वाढली. तिनं बाजूला सारली. "तुमी एवढं मनावर घेतलंया. माज्यापायी सगळं वाया नगं जायला." म्हटलं, खा. जरा जोरातच म्हटलं. तिला वाटलं मी उपासावरून अजून रागावलोय. गुपचूप खाल्ली.

मी पनीर तीनदा गरम केलं. मग तसंच झाकून ठेवलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तुंगार्लीकडच्या एका नव्या रिसॉर्टचा मॅनेजर आला होता, सुहास म्हणून. महिपतीनं तिथं माझं नाव काढलेलं. मुंबईहून वजन उतरवायला पाहुणे येतात, त्यांना काय खायचं ते मी बसवून द्यायचं. शिकलेले डाएटवाले खूप भेटतात म्हणाला, स्वतःच्या हातानं करून दाखवणारा माणूस हवाय. हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो! दाराशी आमच्या दोघांचा फोटोही लावणार.

रविवारी सांगतो म्हटलं. नंदानं संध्याकाळपर्यंत तीन घरी बातमी पोचवली. शकुबाईंकडे जाऊन आली आणि म्हणाली, "मी उपासानं पडले नसते तर परत भाकरी लागली नसती, फोटूत बारीक दिसले असते, न्हाई का?"

यावर मी हसलो. खरंच हसलो मी.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुहास आला. नाही म्हणालो. त्यानं कारण विचारलं. नंदा चहा घेऊन उभी होती, तिच्यादेखत सांगितलं: ही उपासानं पडली नाही, माझ्या जेवणानं पडली. गोळ्या तशाच ठेवून मी हिची भाकरी काढली. वर डॉक्टरांपुढं तोंड शिवून बसलो.

नंदानं ट्रे खाली ठेवला. एवढंच विचारलं, "डॉक्टरीणबायला सांगितलंय का अजून?"

म्हटलं, नाही.

तिनं चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. रविवार असून बाई भेटल्या. मी सगळं सांगितलं, नंदा शेजारी बसून ऐकत होती. एक गोळी कमी झाली. येताना एसटीत ती वेगळ्या बाकावर जाऊन बसली.

नाकारलं ते: आहारतज्ज्ञाची जागा, राहायला खोली, दाराशी फोटो. महिना पंचेचाळीस हजार रुपये.