साहेबांना चालेल असा आजार

एटापल्ली, ४ ऑगस्ट २०२४

आदरणीय सरिताबाईस, धाकट्या भावाचा, अश्वजितचा, सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आमच्या ऑफिसात रेंज फक्त साहेबांच्या खुर्चीमागच्या खिडकीत येते, आणि तिथे उभं राहून मोठ्या आतड्याची हकिगत सांगायची माझी छाती नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेला तो अल्सरेटिव्ह कोलायटिस पुन्हा उसळलाय. दिवसातून दहादा उठावं लागतं, रक्त पडतं. शेजारच्या टेबलावरचा दिनेश मला एक्स्प्रेस म्हणतो.

रजेच्या अर्जावर मात्र मी हिवताप लिहितो. यंदा चौथ्यांदा लिहिला. आपल्या जिल्ह्यात हिवतापाला काय मान आहे! साहेब स्वतः विचारपूस करतात. ऑक्टोबरात मला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरेल, तोवर असंच निभावतो.

भावजींना जय भीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अश्वजित

आरमोरी, ९ ऑगस्ट

चि. अश्वजितला बाईचा जय भीम आणि मंगल कामना.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. बारावीला जीवशास्त्रात पहिला आलेला माणूस बिचाऱ्या डासांवर आळ घेतो! तुझे भावजी देवराव तर म्हणाले, आतडं दुखते सांगाले लाजते काऊन, चोरी करून राह्यला काय तो. रिपोर्ट साहेबांपुढे ठेव. गोळ्या चुकवू नकोस.

रागावलेली, पण तुझीच,
बाई

एटापल्ली, २३ ऑगस्ट

आदरणीय बाईस जय भीम. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, भोगतोय. एका ऑफिसात चार हिवताप म्हणजे साथच, असं समजून साहेबांनी आरोग्य पथकाला पत्र धाडलं. परवा पथक आलं. फवारणीत फायली भिजल्या, बारा जणांची बोटं टोचली. सुई बघून दिनेशला चक्कर आली, तेवढंच सुख. रक्त सगळ्यांचं स्वच्छ, माझंही. दवाखान्याच्या वहीत तर माझं नाव एकदाही सापडलं नाही.

आता नोटीस आहे. खोटं कारण का दिलं, पंधरा दिवसांत खुलासा करा. कायम होणं राहिलं बाजूला, आहे ती नोकरीही जाईल अशी भीती वाटते. शिपाई बिरजू म्हणाला, मले पैलेपासून मालूम होतं, तुमच्यासाठी संडासात बकेट मीच भरून ठेवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आशीर्वादाची फार गरज असलेला,
अश्वजित

आरमोरी, २७ ऑगस्ट

चि. अश्वजितला जय भीम.

आता मूतखडा लिहू नकोस, नाहीतर ऑफिसात सर्जन येतील. दुखणं खरं होतं, नाव खोटं होतं, एवढंच लिही. भीती मलाही वाटते. पण नोकरी गेलीच तर आरमोरीत ये, आपलं घर आहे.

बाई

एटापल्ली, ६ सप्टेंबर

आदरणीय बाईस सप्रेम जय भीम. वि. वि.

रक्त, दहा खेपा, सगळं खरं लिहून रिपोर्टसकट दिलं. साहेबांनी दार लावून घेतलं. फार मायेने म्हणाले की असलं काही कागदावर बरं दिसत नाही, हे जिल्ह्याला जाईल. परत घे, टायफॉइड लिही, मी नोटीस मिटवतो आणि ऑक्टोबरात कायम करतो. बाई, खोटं लिहिलं म्हणून नोटीस देणारा माणूस मला नीटनेटकं खोटं सुचवत होता! क्षणभर हात पुढे गेला. मग पाणी तपासायला येणारं पथक डोळ्यापुढे आलं आणि हसू फुटलं. नको म्हणालो.

काल निकाल आला. ताकीद मिळाली, आणि कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. फार वाईट वाटलं.

आज तपासणीसाठी रजा मागितली. कारण लिहिलं, मोठ्या आतड्याचा आजार, शौचातून रक्त. साहेबांनी मान वर न करता सही केली. तेवढ्यात कळ आली. संडासला जाऊन येतो असं सांगून मी सगळ्यांदेखत निघालो. दोन वर्षांत पहिल्यांदा, कामाचा बहाणा म्हणून हातात फाइल न घेता.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा अश्वजित