निरोगी गटातील शेवटचे मनगट

मॅडम, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षे झाली. तुम्हाला लिहावे असे अनेकदा वाटले. पण लिहिण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगण्याची माझी तयारी नव्हती. माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्याविषयी मी तुमच्याशी एकदा खोटे बोललो होतो.

तुमच्या मार्गदर्शनाखालच्या माझ्या संशोधनाचा, नोएडातील कपड्यांच्या कारखान्यातला तो पहिला दिवस मला अजून दिसतो. शिवून आलेल्या शर्टांचे सुटे धागे छोट्या कात्रीने कापणाऱ्या बायकांना मी मनगटाच्या दुखण्याविषयी यादीतले प्रश्न विचारतो आहे आणि सगळ्या जणी ‘नहीं दुखता’ म्हणत आहेत. एरवी तुम्ही हिंदी-इंग्रजीत बोलत असा; मराठी रागावण्यासाठी राखून ठेवलेली. “अरे शहाण्या, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना कोण सांगेल दुखतंय म्हणून? जा, त्याला चहाला घेऊन जा.” मी परत आलो तेव्हा तुम्ही जमिनीवर बसून त्यांच्यासोबत धागे कापत होता. “मैडम, आपसे ना होगा, आप तो काग़ज़ ही काटो,” एक बाई हसून म्हणाली, आणि मग तिनेच आपला उजवा हात तुमच्यापुढे धरला. “दुखता तो है जी. घर जाकर आटा नहीं गूँधा जाता.” तुम्ही माझ्याकडे वळलात. “मनगटाचा कोन नंतर मोज. आधी नीट विचार.”

तुलनेसाठी मनगट न दुखणाऱ्या स्त्रियांचा गट हवा होता. प्रबंधाची मुदत जवळ आली आणि त्यात एक स्त्री कमी पडली. मयूर विहारच्या आमच्या घरी पत्नी शेजारणींच्या साड्यांना हाताने फॉल लावून देत असे. एका दुपारी तिच्या हातातली साडी बाजूला ठेवून मी तिच्या मनगटावर कोन मोजणारी पट्टी बांधली आणि यादीतला प्रश्न विचारला. “अहो, दोन साड्या झाल्या की दुखतंच की,” ती म्हणाली. माझे पेन थांबलेले तिने पाहिले. “तसं नको होतं का?” मी तिच्या मनगटावरची पट्टी सारखी केली. “मग नाही लिहा. एवढं काय त्यात!” मी ‘नाही’ लिहिले. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ एवढेच लिहिले, म्हणजे फॉलचा प्रश्न कोणी काढू नये.

“ही शेवटची कोण रे?” तुम्ही विचारलेत. “शेजारच्या वहिनी.” “नीट विचारलंस ना?” मी हो म्हणालो आणि तुम्ही सही केलीत. एका स्त्रीच्या नोंदीने निष्कर्ष बदलत नाही, हे मी नंतर आकडेमोड करून पाहिले आहे. पण त्या आकडेमोडीसाठी मला वेळ मिळाला, आणि पत्नीच्या हाताविषयी पुन्हा विचारायला इतक्या वर्षांत मिळाला नाही. कढई ती डाव्या हाताने उतरवू लागली, फॉल लावणे बंद झाले. मी त्याला वय म्हणालो. शेवटच्या आजारपणात सुई लावायला नर्स आली तेव्हा पत्नीने डावा हात पुढे केला. “इसमें लगाइए. दायाँ तो बरसों से दुखता है.” मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

पंधरवड्यापूर्वी एका अनोळखी विद्यार्थिनीने माझ्या त्या जुन्या नोंदी तिच्या संशोधनासाठी मागितल्या. खरे सांगण्याची संधी घरी चालून आली होती. दोन दिवस मी उत्तराचे मसुदे करत बसलो. अखेर पत्नीची ओळ काढून टाकली आणि उरलेल्या नोंदी पाठवल्या. वगळलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण द्यावे, असा तुमचा दंडक होता, म्हणून कारणही दिले. ‘उपकरणात बिघाड’ असे लिहिले. त्या विद्यार्थिनीने फार नम्रपणे आभार मानले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्या विद्यार्थिनीपर्यंत मात्र पोहोचू शकते, तिचा पत्ता माझ्यासमोर आहे. तरीही मी ते पाठवणार नाही. त्या दुपारी उपकरण व्यवस्थित चालत होते, मॅडम.