मशीनवरचे अठ्ठावीस

ठाणे, ४ जून २०२५

आदरणीय महेंद्रकाकांस मृणालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला नेमकं माझंच बोलणं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. वागळे इस्टेटमधल्या आबांच्या स्पॉट वेल्डिंग मशीनवर मला घेतलंय. सांधे सुटले म्हणून बापाला घालवलं, त्याच स्टुलावर लेक. मालकांना विनोद कळतो. आबांना काढल्यापासून मशीन झाकूनच होतं.

रोज ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या जोडून पहिला नमुना फाडून बघायचा. तपासनीस तुम्हीच होतात, तुम्हाला काय सांगायचं. पत्र्याच्या जाडीनुसार करंट सांगणाऱ्या तुमच्या तक्त्याप्रमाणे आकडा बावीसवर ठेवला, की सांधा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो. पण रोज सकाळी आकडा आपोआप अठ्ठावीसवर गेलेला असतो. त्यावर सांधा पक्का बसतो; ओढला तर पत्रा फाटतो, सांधा सुटत नाही. पत्रा चिमटीत धरणाऱ्या तांब्याच्या टिपा घासून ठेवलेल्या, आणि कोमट. आबांना जाऊन तीन महिने झाले. मग हे करतंय कोण?

काकूंना नमस्कार.
तुमची मृणाल

शहाड, ९ जून

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

अगं, तुझा बाप जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, आता काय येणार? तो सुपरवायझर राकेश खोड्या काढत असेल. फ्यूज काढून घरी ने. तक्त्याच्या नादी मात्र लागू नकोस. काकू म्हणते, आंबे संपायच्या आत ये.

तुझा काका

ठाणे, १४ जून

काका, जयभीम.

राकेश रजेवर आहे. फ्यूज पर्समध्ये घालून घरी नेला. सकाळी लावला, तर अठ्ठावीस. टिपा कोमट. मला भीती वाटेनाशी झालीय, हे जास्त वाईट.

आबा शेवटपर्यंत म्हणायचे, "मी तक्त्याबाहेर गेलो नाही." मीच त्यांना गप्प करायचे. ते खरं बोलत होते का, एवढंच लिहा.

मृणाल

शहाड, २० जून

मृणाल,

तुझ्या प्रश्नाला लिहिलेलं हे तिसरं उत्तर. आधीच्या दोनांत तुला थापा मारल्या होत्या. सकाळी दोन्ही कागद टेबलावर मधोमध फाटलेले. काकूने हात लावलेला नाही. हे शाबूत राहिलं तर पोचेल.

नवा तक्ता उतरवताना मी चुकून खालची, अर्ध्या जाडीच्या पत्र्याची बावीसची ओळ उतरवली. आबा म्हणाला, अठ्ठावीस लागतात रे. मी म्हटलं, तपासनीस तू की मी? नवा तक्ता लागला त्या सकाळी नमुना न फाडताच सही ठोकली. मालाचे सांधे सुटल्यावर मालकांना लिहून दिलं, की आबाने पत्रा नीट घासला नव्हता. सख्ख्या चुलतभावाबद्दल.

मालकांना हे दाखव. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. पत्र तेवढं ठेव.

महेंद्र